दहा मोजेपर्यंत

सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या मनगटाला बोट लावलं, तेव्हा मला वाटलं की हा माणूस हात बघणारा ज्योतिषी असणार. मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. लोणी भापकरचं बिऱ्हाड सोडून बारामतीत खोली घेतली होती आणि नवीन जागेच्या धास्तीनं अंगात कणकण होती. स्टाफरूममध्ये एक उंच, काळासावळा, पांढरा शर्ट घातलेला माणूस माझ्याजवळ आला, मधल्या बोटाची मागची बाजू त्यानं माझ्या मनगटावर टेकवली आणि ओठातल्या ओठात आकडे मोजले. दहा झाल्यावर बोट उचलून म्हणाला, "काय हरकत न्हाय. चालू द्या." आणि चहा प्यायला निघून गेला.

ते आमच्या शाळेच्या तांत्रिक विभागात वायरिंग आणि मोटर शिकवायचे. मोटर तापली का हे बघायची त्यांची ही रीत. बोट ठेवून दहा मोजता आले तर मोटर चालू ठेवायची, त्याआधी बोट उचलावं लागलं तर बटण बंद करायचं. बोट नेहमी मागच्या बाजूनं लावायचं, कारण मोटरीत करंट उतरला असेल तर हात मिटतो आणि आपोआप लांब जातो. पुढून धरलं तर हात चिकटतो आणि माणूस जातो. हे सगळं ठीक. पण हा गृहस्थ मोटरीवर थांबायचा नाही. कुणाकडं जेवायला गेले की आधी फ्रिजच्या मागं हात घालायचे. एस.टी.त बसले की ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर बोट. एकदा भर सभेत आरडाओरडा करणाऱ्या हेडमास्तरांच्या कपाळाला त्यांनी बोट लावलं, पाच आकड्यांवर उचललं आणि म्हणाले, "साहेब, लोड जास्त झालंय. दोन तास कमी घ्या." त्या वर्षी त्यांची वेतनवाढ अडकली. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

लोड हा त्यांचा लाडका शब्द होता. जगातली प्रत्येक गोष्ट जास्त लोडनं तापते असं त्यांचं मत होतं. "तापनं हा काय रोग न्हाय, कवी," ते मला सांगायचे. मी जन्मात एक ओळ कविता केली नाही, पण मराठी शिकवतो म्हणून त्यांनी मला कवी करून टाकलं होतं. "तापनं म्हंजे मोटरीनं धाडलेला निरोप. लोक काय करत्यात? निरोप वाचत न्हाईत, पंखा लावत्यात." त्यांच्या स्वतःच्या खोलीत पंखा नव्हता. एप्रिलच्या दुपारी माणूस तिथं पाच मिनिटं बसला तर भाजून निघायचा. पंख्याची सवय लागली की माणूस लोड उतरवत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्षाचे बारा महिने पांढरा शर्ट, तोही याच हिशोबानं, की पांढरं कमी तापतं.

चहा ते बशीतच प्यायचे आणि दरवर्षी नव्या वर्गाला पहिला धडा त्या बशीवरच द्यायचे. आपण चहा बशीत का ओततो? पसरलं की निवतं म्हणून. मग मोटरीच्या अंगावर त्या पट्ट्या कशासाठी असतात? मोटरीची बशीच ती. पोरं हसायची आणि जन्मभर विसरायची नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शाळेच्या वर्कशॉपमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यांना झेंडूचे हार. आरती झाली, पेढे वाटले, मंडळी पांगली की सर एकटेच मागं राहायचे आणि मोटरींवरचे हार काढून टाकायचे. फक्त मोटरींवरचे. लेथच्या चाकावरचा हार तसाच. पोरांनी त्यांचं नाव हारचोर ठेवलं होतं. हेडमास्तर त्यांना तोंडावर नास्तिक म्हणाले. नास्तिक कसले, बिरोबाच्या जत्रेला रजा टाकून जायचे, कपाळभर भंडारा लावून परत यायचे. "देवाला हार घाला की. मोटरीच्या तोंडावर कशाला? तिथनं ती वारा घेती," एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते पटायचं, आणि तरी मनातून कुठंतरी खुपायचं. यंत्र झालं म्हणून काय झालं, सणाच्या दिवशी त्याच्या गळ्यातला हार कुणी ओढून काढतं का? मी हे त्यांना कधी बोललो नाही. बोललो असतो, भांडलो असतो, तर बरं झालं असतं.

शेवटची काही वर्षं ते इंदापूरला जळालेल्या मोटरींत नवी तार भरायच्या एका दुकानात कामाला होते. नोकरी त्यांनी सोडली होती. मी दोन-तीनदा भेटायला गेलो. मोटरींच्या ढिगाआड पांढरा शर्ट घालून बसलेले असायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "जरा हात लावून बघा की, लई तापती." तर ते शेजारच्या कारागिराला सांगायचे, "तू बघ." स्वतः बोट लावायचे नाहीत. माझ्यासाठी चहा मागवायचे आणि शाळेची चौकशी करायचे. आता तेही गेले. त्यांच्या गावात, इंदापूर तालुक्यातल्या कळसला, त्यांचं नाव निघालं की अजून लोक म्हणतात, भावानंच भावाला मारलं. हे खोटं आहे. ते खोटं आहे हे माहीत असलेला एकच माणूस आज जिवंत आहे, आणि तो हे पहिल्यांदाच सांगतोय.

त्यांचा भाऊ म्हणजे थोरला भाऊ. आम्ही सगळेच त्याला दादा म्हणायचो. घर मूळचं मेंढरांचं. सरांना शिकायला पाठवायचं ठरलं तेव्हा दादानं मेंढरं मोडली आणि एका खांडसरीत, म्हणजे साखरेच्या लहानशा खाजगी कारखान्यात, कामाला लागला. तो कारखाना आता नाही, जागेवर बाभळी आल्यात. सरांची बोटाची खोडसुद्धा मूळ दादाची. मेंढरू आजारी आहे का हे दादा त्याच्या कानाला हाताची मागची बाजू लावून बघायचा. सुट्टीत धाकटा भाऊ घरी आला की त्याच्याही कानाला लावायचा, चाळिशी उलटलेल्या मास्तराच्या, चारचौघांत. सर लाजून लाल व्हायचे.

खांडसरीत दादाचं काम अंगमेहनतीचं होतंच, पण वर्षातून एकदा त्याच्यावर एक वेगळं काम यायचं. साखर काढून झाली की जी दाट, काळी मळी उरते ती एका हौदात साठवायचे. हौद अर्धा जमिनीत, वर स्लॅब, एका अंगाला कमरेएवढ्या उंचीची खिडकी. हंगाम संपून मळी उपसली की तळाला चिकटलेला गाळ माणसानं आत उतरून, वाकून फावड्यानं ओढायचा. तो गाळ आंबतो आणि त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही. जड असतो, तळालाच बसून राहतो. म्हणून आत जाण्याआधी दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी कुणी जायचं नाही, लिंबाच्या डहाळ्या हलवून हवा खेळती करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कंदील. हा नियम दादा कधी मोडायचा नाही. तरी एका वर्षी, कंदील नीट जळत असताना, गाळ ढवळल्यावर त्याला आत भोवळ आली. लोकांनी ओढून बाहेर काढलं. दोन दिवस ओकत होता.

सर तेव्हा कळसला गेले आणि भावाच्या पाया पडून म्हणाले, हे काम सोड. दादा म्हणाला, "मी सोडलं म्हंजे हौद आपोआप साफ हुईल व्हय? दुसरा कोन तरी आत जाईल. त्याला कंदील कळंल का न्हाय, कुनाला ठावं?"

सर परत आले आणि माणसाऐवजी हौदात उतरेल अशी गाडी त्यांनी करायला घेतली.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मेव्हण्यानं दुबईहून पोरासाठी रिमोटची मोटारगाडी आणली होती. ती आठ दिवसांत जळाली आणि सरांकडं आली. नव्वदच्या आसपासचे दिवस, आमच्याकडं कुणी असलं खेळणं बघितलेलं नव्हतं. सरांनी ती उघडून टेबलावर पसरली आणि तीन दिवस नुसते बघत बसले. तिचा वेग कमी-जास्त करायला आत तारेचं एक वेटोळं होतं. गाडी हळू चालवली की जादाची वीज त्या वेटोळ्यात जळायची आणि ते लालभडक व्हायचं. "बघा कवी, पळती तवा तापत न्हाय, हळू चालती तवा तापती. मानसागतच हाय," ते म्हणाले. मग ते वेटोळं काढून त्यांनी ट्रान्झिस्टर घातले. पुण्याच्या बुधवार पेठेतनं आणायचे, जाळायचे, पुन्हा आणायचे. ते निवावेत म्हणून आईच्या वेळची जर्मनची परात कापून तिच्या पट्ट्या त्यांना जोडल्या. घरातली अॅल्युमिनियमची बाकी भांडीही हळूहळू त्याच वाटेनं गेली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, म्हणायच्या, "भावजीनं माजा सौंसार कापून गाडीला लावला." पण हसत म्हणायच्या.

दोन वर्षांत खेळण्याची खरी गाडी झाली. रिमोट तेवढा दुबईचा. बाकी जुन्या जीपच्या पंख्याची मोटर, मोटारसायकलची बॅटरी, लहान मुलांच्या सायकलची चाकं, सायकलचीच साखळी आणि पुढं गाळ ओढायला पत्र्याचं रुंद फावडं. बाहेर उभं राहून बटणं दाबायची, गाडी आत जाऊन गाळ घेऊन येणार. माणूस बाहेरच.

अडचण एकच होती, तापण्याची. मोटर उघडी ठेवली तर मळी आत जाऊन ती चिकटायची. ट्यूबचं रबर लावून झाकली तर गुदमरायची. सरांनी तिला वरून नळीनं वारा दिला. साखळीचं मोटरीकडचं चक्र बारा दातांचं होतं ते काढून नऊ दातांचं बसवलं, म्हणजे गाडी हळू चालेल, पण लोड उतरेल. आणि सगळ्यात शेवटी, जुन्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट काढून मोटरीला चिकटवला. फार तापली की टक् आवाज करून गाडी आपोआप बंद पडायची, निवली की पुन्हा टक् करून चालू व्हायची. शाळेच्या मागं चिखलाचा खड्डा करून त्यांनी वीसेक वेळा चालवून बघितली. एकदाही बंद पडली नाही. खांडसरीच्या मालकानं शब्द दिला की गाडीनं हौद साफ करून दाखवला तर यापुढं माणूस आत घालणार नाही. ते ऐकून आलेला सरांचा चेहरा मला आठवतो. त्या दिवशी त्यांनी बशीतला चहा निवायची वाट न बघता पिऊन टाकला आणि तोंड भाजून घेतलं.

दाखवायचा दिवस उन्हाळ्यातला होता. सकाळी दहाचा सुमार. मालक, त्याचे तीन-चार दोस्त, दोन कामगार, दादा, सर आणि मी. आंबलेल्या मळीचा वास सगळीकडं. मी बारामतीहून येताना नारळ, झेंडूचा हार आणि हळद-कुंकवाची पुडी घेऊन आलो होतो. नव्या यंत्राचा पहिला दिवस, मोकळ्या हातानं कसं जायचं? सरांनी हार बघितला आणि हात जोडले. "कवी, आज नको. आज तर नकोच नको." आणि मालकाबरोबर खिडकीपाशी फळी लावायला गेले.

मी हिरमुसून हार हातात घेऊन लिंबाखाली गाडीजवळ उभा राहिलो. दादा आला. त्यानं मला विचारलं, "गुरुजी, न्हारळ बी न्हाय फोडायचा?"

मी म्हटलं, "त्यांना हार चालत नाही. वारा अडतो म्हणतात."

दादानं विचार केला. भावाच्या विद्येचा त्याला फार मान होता, त्या विद्येत बसेल असंच तो बोलला. "वारा मोटरीला लागतो. चाकाला कशाला लागतोय वारा? चाकाच्या दांडीला बांधा खालनं. त्याला दिसनार बी न्हाय."

लेथच्या चाकावरचा हार सर कधी काढत नाहीत, हे मला आठवलं. मला ते अगदी बिनतोड वाटलं. दादानं गाडी एका अंगावर कलती धरली. मी हाराचा हातभर तुकडा तोडला, मागच्या चाकांच्या दांडीला गुंडाळला आणि चांगल्या दोन गाठी मारल्या. हात झेंडूच्या पाण्यानं ओले होते, त्याच हातानं चाकाला आतून हळद लावली. दादानं डोळे मिटून कपाळाला हात नेला. मग आम्ही दोघं चोरून आंबे खाल्ल्यासारखे एकमेकांकडं बघून हसलो.

त्या दिवशी कंदील सोडला नाही. आत माणूस जाणारच नव्हता, कंदील कशाला? कुणाला आठवलासुद्धा नाही.

गाडी फळीवरून आत उतरली. पहिली फेरी झाली, गाळाचा ढीग खिडकीशी आला. मालकाच्या दोस्तांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला सरांनी ती पार मागच्या भिंतीपर्यंत नेली, वळवली, आणि खिडकीकडं येता येता तिचा आवाज जड झाला. सरांच्या कपाळाला आठी पडली. "तापतीया," ते स्वतःशीच म्हणाले, "पन का तापतीया?" खिडकीपासून दहा-बारा फुटांवर टक् आवाज झाला आणि गाडी थांबली.

"काय न्हाय, काय न्हाय," सर म्हणाले. "आपली आपन थांबली. निवली की आपली आपन येईल. वीस मिनिटं."

मालकानं घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं? मास्तर, तेवढ्यात मानसानं निम्मा हौद काढला असता की."

"दमली जनू," त्याचा दोस्त म्हणाला, "च्या पाजा तिला." सगळे हसले. रिमोट तसाच धरून सर आत बघत राहिले. दोन वर्षांची मेहनत आणि भावाचा जीव त्या वीस मिनिटांवर टांगला होता, आणि वीस मिनिटं थांबायला कुणी तयार नव्हतं. मी बघितलं, दादा हौदाकडं बघत नव्हता. तो धाकट्या भावाच्या तोंडाकडं बघत होता.

"आरं हितंच तर हाय," तो म्हणाला. "वाईच फुडं वडली म्हंजे झालं." आणि धोतराचा सोगा खोचून तो खिडकीतून आत गेला. हजार वेळा गेलेल्या माणसासारखा, सहज.

सर ओरडले, "दादा, कंदील!"

आतून आवाज आला, "आलोच." मग पोतं पडावं तसा आवाज झाला, आणि मग काहीच नाही.

सरांनी रिमोट फेकला आणि खिडकीत झेप घेतली. मी मागून त्यांची कंबर धरली. एवढी ताकद माझ्यात कुठून आली माहीत नाही. ते माझ्या हातांवर बुक्क्या मारत होते, दादाला हाका मारत होते. कामगारांनी बांबूला आकडा बांधला. पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला, तिसऱ्यांदा धोतरात अडकला. या खटपटीत वीस मिनिटं होत आली; दादाला ते ओढत आणत होते तेवढ्यात आत टक् झालं. रिमोट जमिनीवर पालथा पडला होता आणि त्याचं बटण दबलेलं होतं. गाडी निवली होती. ती आपली आपण निघाली, दादाच्या शेजारून सावकाश आली आणि खिडकीच्या भिंतीला टेकून थांबली. चाकं फिरतच राहिली.

दादाला जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. जीपमध्ये घातला तेव्हाच तो गेलेला होता, हे मला आणि सरांना दोघांनाही कळलं होतं. जीप भरली म्हणून सर आणि मी मागं राहिलो, की आम्हाला ठेवून घेतलं, मला आता सांगता येत नाही. सरांनी आकड्यानं गाडी बाहेर ओढली, तिच्याजवळ खाली बसून बॅटरीची तार काढली आणि गाडी उलटी केली. मागच्या दांडीवर हाराचा दोरा आवळून बसला होता, मळीनं काळा, ताठ. त्याचं एक टोक साखळीत गेलं होतं. त्यात एक-दोन पाकळ्या अजून पिवळ्या होत्या. लोड तिथं होतं.

त्यांनी दोऱ्याच्या दोन गाठी बोटानं चाचपल्या. मग त्यांनी स्वतःच्या शर्टाकडं बघितलं. पांढऱ्या शर्टावर कमरेशी माझी बोटं उमटली होती, हळदीची. दोन्हीकडं चार-चार. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हा माणूस माझा गळा धरील, आणि मी गळा पुढं केला असता. त्यांनी खिशातून चाकू काढला, दोरा कापला, पाकळ्यांसकट मुठीत घेऊन पँटच्या खिशात घातला. मग उठून माझ्याजवळ आले.

"हात धुवा, कवी," ते म्हणाले. "पोलीस येत्याल."

आणि मी धुतले. हापशावर जाऊन, नखांतली हळद काडीनं काढून, स्वच्छ धुतले. माणूस इतका भित्रा असतो हे मी तोवर फक्त पुस्तकात वाचलं होतं.

पोलिसांना सरांनी सांगितलं, गिअरचा हिशोब आपलाच चुकला, म्हणून गाडी तापून बंद पडली. तेच मालकाला, तेच गावाला. नऊ दातांचं चक्र त्यांनी काढून दाखवलं आणि हे चुकलं म्हणाले. ते चुकलेलं नव्हतं. त्यांच्या सगळ्या हिशोबात तेवढाच एक हिशोब अगदी बरोबर होता. मालकाला त्यातलं काहीच कळलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं हौदात पुन्हा माणूस घातला.

तेराव्याला मी सरांबरोबर कळसला गेलो. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो की आज वहिनींच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सांगून टाकायचं. वहिनी दारातच बसल्या होत्या. त्यांनी सरांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"माजी भांडी कापलीस, मी काय बोलले न्हाय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मेंढरं गेली, मी काय बोलले न्हाय. त्यो मला म्हनायचा, माजा भाऊ माज्यासाठी गाडी करतोय. पोरावानी सांगत फिरायचा. तुज्या गाडीनं नेला त्याला."

"व्हय, वयनी," सर म्हणाले.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "तुमी हुता म्हनून ह्यो तरी वाचला. तुमी धरून ठिवलासा. देव तुमाला बरं करंल."

मी तोंड उघडलं. शब्द ओठांवर आले होते, शपथेवर सांगतो, आले होते. तेवढ्यात माझ्या मनगटाला काहीतरी टेकलं. सरांचं बोट, मागच्या बाजूनं. ते माझ्याकडं बघत नव्हते. वहिनींकडं बघत होते आणि ओठातल्या ओठात मोजत होते. एक. दोन. तीन. मला फक्त हात काढून घ्यायचा होता. चार आकड्यांत काढता आला असता, सातांत काढता आला असता.

दहा झाले. त्यांनी बोट उचललं. मी वहिनींना नमस्कार केला आणि चपला घातल्या.